भाचा येऊन राह्यला

मूर्तिजापूर,
आषाढ, सन २००६

आदरणीय नत्थुजी भाऊ यांस,

मूर्तिजापूरहून नबी बिछायतवाला याचा नमस्कार आणि सलाम. दोन्ही सोबतच पाठवले आहेत. जो आधी पोचेल तो तुम्ही घ्यावा, उरलेला वच्छलाताईंना द्यावा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हिरवी पट्टी बांधून तुम्ही नागपूरला लेकीच्या घरी पडून आहात आणि पट्टी असूनही घरात कोण काय चुकून राहिलं ते तुम्हाला बरोबर दिसतं, असं तुमचे चिरंजीव नितेशभाऊ परवा बाजारात भेटले तेव्हा सांगत होते. ऐकून समाधान वाटलं. तसंही माणूस डोळ्यानं पाहतो त्यापेक्षा सवयीनंच जास्त पाहतो.

फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर मी मुद्द्याजवळ आलो की तुम्ही ‘बरं मग, ठेवतो’ म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही. शिवाय डॉक्टरांनी तुम्हाला वाचायची मनाई केली आहे, म्हणजे हे पत्र ताईच वाचून दाखवणार. लेक वाचत असताना बाप मधेच उठून जात नाही. (ताई, या पत्रात असे कंस येतील. कंसातलं फक्त तुमच्यासाठी आहे, मोठ्यानं वाचायचं नाही. भाऊ आता विचारतील, ‘काहून थांबली?’ कागद चिकटले होते म्हणून सांगावं.)

माझ्या तब्येतीचं विचाराल तर गुडघे गेले, खोकला आला, कान शाबूत आहेत. कानाचं तुम्हाला ठाऊकच आहे. बाप पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचा आणि मी मागे मागे. पिंजणाच्या दोरीचा, तातीचा, सूर ऐकून सांगायचा की कापूस ओला आहे की कोरडा, सरकी राहिली की निघाली. ते कान मला वारशात आले. दुसरं काही यायला नव्हतंच. त्या कानांच्या जोरावर मी गादीवाल्याचा बिछायतवाला झालो आणि बिछायतवाल्याचा मंडपवाला झालो. ऑर्डर द्यायला आलेल्या माणसाच्या पहिल्याच शब्दावर मला कळतं, की हा खुर्च्या परत आणून देणारा आहे की त्या आणायला आपल्याला जावं लागणार आहे. आपल्या वच्छलाताईंच्या लग्नाचा मंडप ही माझी पहिली ऑर्डर. मंगलाष्टकं संपता संपता अर्धा मंडप वरपक्षाच्या अंगावर आला, आणि तुम्ही व्याह्यांना सांगितलं की वाऱ्यानं पडला. त्या दिवशी पान हलत नव्हतं. तेव्हापासून मी तुमचा माणूस. (ताई, तुमचे सासरे जवळपास बसले असतील तर वरची दोन वाक्यं गाळावी.)

धंदा कसा आहे विचाराल, तर चालून राहिला, आणि तेच वाईट आहे. लग्नं उरली नाहीत. जी उरली ती सामूहिक. एका मांडवात चाळीस नवरे, आणि आपला नेमका कोणता हे नवऱ्यामुलीला फेट्यावरून ओळखावं लागतं. बाकीचा मंडप सभांना जातो. आज सांत्वनाची सभा, उद्या कपाशीवर मार्गदर्शन, परवा दिल्लीहून पाहुणे येऊन पॅकेज समजावून सांगणार. कनात तीच, खुर्च्या त्याच, सतरंज्या त्याच, मागचा फलक तेवढा बदलतो. पुष्कळदा माणसंही तीच असतात. ज्या वर्षी शेतात काही उगवत नाही, त्या वर्षी गावोगाव मंडप उगवतात असं मी पाहिलं आहे. पोट भरतं, भाऊ, पण खांब पुरताना हात जड होतात.

आता आमची निखत. लहानपणी माझ्यासोबत टेम्पोत यायची, सतरंज्या झटकायची. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या अंगणात एकदा हिनं सगळे तक्के एकावर एक रचून त्यावर झोप काढली होती. तर मंडपात एक गंमत असते. समोर पांढऱ्या कव्हरचा सोफा, मागे गादीच्या खुर्च्या, त्यामागे प्लास्टिकच्या, मग सतरंजी, आणि सतरंजी संपते तिथं नुसती उभी माणसं. कोणी कोणाला सांगत नाही, पाटी लावत नाही, तरी येणारा प्रत्येक जण बरोबर आपल्या जागी जाऊन बसतो. दोन वर्षांमागे एका सभेत एका बाईला चेक द्यायला वर बोलावलं. तिचा घरधनी गेला होता. तिला सोफ्यावर बसवलं, फोटो निघाला, बाई खाली उतरली, आणि प्लास्टिकच्या दोन रांगा रिकाम्या असताना सरळ सतरंजीवर गेली, तिथंही काठावर बसली. घरी येताना निखत टेम्पोत म्हणे, अब्बा, त्या बाईले खुर्चीवर बसू नको असं कोणी म्हटलं? मी म्हटलं, कोणीच नाही. म्हणे, मग मले तेच शिकायचं आहे.

आणि खरंच शिकायला गेली. अमरावतीला एम.ए. समाजशास्त्र, पहिलं वर्ष पार झालं. यंदा दुसऱ्या वर्षाला स्वतःचा विषय घ्यायचा असतो, तो तिनं हाच घेतला. विषयाचं नाव लांब आहे, दोन ओळींत मावत नाही, पण मला समजलं ते असं. बाई असणं, जात, धर्म, जमीन असणं किंवा नसणं, ही पोती वेगवेगळ्या गाडीनं येत नाहीत. एकाच डोक्यावर एकदम येतात आणि एकमेकांत सांडून तिसरंच काही होतात. बायांचं पाहणारा बाईपुरतं पाहतो, जातीचं पाहणारा जातीपुरतं, शेतीचं पाहणारा सातबाऱ्यापुरतं. आणि जिच्यावर हे सगळं एकदम आहे ती कोणालाच दिसत नाही, कारण ती सगळ्यांच्या मधे उभी असते. मला मंडपाच्या भाषेत कळलं. एका खांबाला चार दोर बांधलेले. खांब वाकला तर चारही दोरवाले म्हणतात, मी तर थोडंच ओढून राह्यलो होतो. (भाऊंनी इथं ‘हूं’ केलं का? केलं असेल तर पुढे वाचावं. नसेल तर पाणी द्यावं, मग वाचावं.)

पहिलं वर्ष तिनं इथून जाऊन येऊन काढलं. सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरायचं, पुढे ऑटो. यंदा ते जमत नाही. कॉलेजची जीप पहाटेच गावांकडे निघते, बायांशी बोलायचं तर त्या शेतातून आल्यावरच बोलणार, म्हणजे परत यायला अंधार. तेव्हा अमरावतीत खोली पाहिजे. निखतच्या अम्मीनं, आमच्या आयशाबीनं, सांगून टाकलं की या महिन्यात चांगल्या घरात खोली मिळाली तर शिक्षण, नाही मिळाली तर वकार. वकार म्हणजे तिच्या भावाचा मुलगा, अकोल्याला टायरचं दुकान आहे. मुलगा चांगला. दोष एकच की निखतला तो नको आहे. तिनं तसं त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, काही घाई नाही. भाऊ, रागावणाऱ्या माणसापासून सुटता येतं, पण घाई नसलेल्या माणसापासून सुटणं फार कठीण. (ताई, इथं ‘बिचारी’ असं तुम्ही आपणहून म्हणावं. मी लिहून देणं बरं दिसणार नाही.)

तर आम्ही बापलेक खोली पाहायला निघालो. सोबत सहदेव. पूर्वी माझ्याकडे खांब पुरायला होता, आता अमरावतीत ऑटो चालवतो आणि फावल्या वेळात खोल्या दाखवतो. त्यानं बडनेऱ्यालाच मला बाजूला घेऊन समजावलं. म्हणे, नबीभाऊ, पोरगी पुरी दाखवू नका. ज्याले जे पाह्यजे तेवढंच दाखवा. मला पटलं. आपल्या धंद्यात काय वेगळं असतं? कनातीला ठिगळ असेल तर ते मागे, चांगली बाजू समोर. खोटं काहीच नाही, कनात तीच.

पहिलं घर एका निवृत्त साहेबांचं. दारावरच पाटी, फक्त शाकाहारी. मी शपथेवर सांगितलं की मुलगी अंडंसुद्धा खात नाही, आणि ते खरं आहे, अंड्यानं तिच्या अंगावर पुरळ येतं. साहेब खूष. बाई खूष. म्हणे आजकाल असे संस्कार कुठं पाहायला मिळतात. नळ दाखवला, माठ ठेवायची जागा दाखवली. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. साहेब ‘अच्छा’ म्हणाले. भाऊ, या ‘अच्छा’चा ताण मी चांगला ओळखतो. पिंजणाची तात तुटायच्या आधी असाच सूर देते. मग त्यांना आठवलं की त्यांचा भाचा पुसदहून शिकायला येऊन राह्यला आणि ही खोली खरं तर त्याची. बाईंना हा भाचा नवीन होता, त्यांच्या तोंडावर दिसलं, पण त्याही लगेच म्हणाल्या, हो हो, येऊन राह्यला. चहा मात्र पाजला. फार गोड होता.

दुसरं घर गुलफामबींचं. तिथं मी म्हटलं आता अडचण नाही, नाव एक, नमाज एक. त्यांनी निखतच्या डोक्यावरून हात फिरवला, दुपट्ट्याची तारीफ केली. मग विचारलं, कौनसी बिरादरी? मी सांगितलं. अच्छा, पिंजारी, म्हणाल्या, हमारे यहाँ की गादियाँ तुम्हारे वालिदनेच भरी होंगी. भरली असतील, म्हटलं. तेवढ्यावर निभावलं असतं, पण मुलगी एकटी राहणार, जीपमधून खेड्यांत फिरणार, मगरीबनंतर परत येणार हे ऐकून त्यांचा हात दुपट्ट्यावरून निघाला. शेवटी म्हणाल्या, खोली देते, पण मुलीनं नातवांना शिकवावं आणि सूर्य बुडायच्या आत घरात असावं. मी म्हटलं हिचं कामच सूर्य बुडाल्यावर सुरू होतं. हे वाक्य मी बोलायला नको होतं. त्यांचा भाचा खामगावहून येणार असल्याचं निघालं.

तिसरे मागास जातींच्या एका संघटनेचे अध्यक्ष. मी जातीचा दाखला काढला, त्यांनी तो न पाहताच मला मिठी मारली. म्हणे, तुम्ही आम्ही एकच, आपली सगळ्यांची दुखणी एकच. बराच वेळ बोलले, फार चांगलं बोलले, निखतनं वहीत काही लिहूनही घेतलं. येत्या मेळाव्याला मंडप सवलतीत द्याल का हेही विचारलं. मी हो म्हटलं. मग खोलीचं काढलं. त्यांचं वसतिगृह आहे, जागाही आहे, पण मुलांचं. घरातली खोली? ती द्यायला त्यांची ना नव्हती, पण चार कार्यकर्ते येतात जातात, तरणी मुलगी, लोक काय म्हणतील. पोरगा असता तर आजच ठेवून घेतला असता, असं म्हणून त्यांनी मला पुन्हा मिठी मारली. दोन मिठ्या आणि एक ऑर्डर घेऊन आम्ही बाहेर आलो. भाचा या घरी नव्हता, एवढं त्यांच्या बाजूनं नमूद करतो.

चवथं घर पार्बताबाईंचं. एकट्या राहतात, मूळच्या दर्यापूरकडच्या. इथं सहदेवनं मला बोलूच दिलं नाही. म्हणे, माय, मूर्तिजापूरच्या कास्तकाराची पोरगी हाय. खरंच आहे, माझं दोन एकर आहे, वाट्यानं कसायला, बटाईनं दिलेलं. पार्बताबाईंनी पेरणीचं विचारलं, निखतनं दुबार पेरणीचं इतकं नीट सांगितलं की म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. शेवया केल्या होत्या, त्या वाढल्या. जिन्याची किल्ली निखतच्या ओंजळीत ठेवली आणि विचारलं, नाव काय वं बाई तुहं? सहदेव म्हणाला, निकिता. आता हे मी बोललो नाही. मी फक्त ऐकलं, आणि ऐकून गप्प बसलो. निखतनं शेवयांची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, आजी, निखत. निखत नबी पिंजारी. किल्ली तिनं आपणहूनच परत केली. म्हातारी बिचारी फार वेळ किल्लीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, भाचा येऊन राह्यला न व माहा, वर्ध्याहून. निघताना राहिलेल्या शेवया डब्यात भरून दिल्या. डबा परत द्यायला ये, असंही म्हणाली. आता सांगा भाऊ, या बाईवर रागवावं कसं?

एवढ्या भाच्यांना आता अमरावती पुरते की नाही कोण जाणे. विद्यापीठानं पुढच्या वर्षी भाच्यांसाठी वेगळी इमारत बांधावी असं सहदेवचं मत पडलं. ऑटोत कोणी हसलं नाही. मी निखतकडे पाहिलं नाही, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग ती बोलली, आणि ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणे, “अब्बा, आज मी एकाही घरात पुरी गेलीच नाई. पहिल्या घरी तुमी माही जीभ नेली. दुसऱ्या घरी दुपट्टा नेला. तिसऱ्या घरी दाखला, अन् चवथ्या घरी दोन एकर. मी बसली ऑटोत.” सहदेव मागे वळून म्हणाला की ऑटोत राह्याले माही काही हरकत नाई. त्याला वाटलं जागा निघाली.

मी थकलो, भाऊ. नकार ऐकून नाही; नकाराची सवय लहानपणीच लागली, बापासोबत फिरताना दहा दारं बंद असायची तेव्हा अकरावं उघडायचं. मी थकलो तो नकारातल्या गोडव्यानं. सगळ्यांनी चहा दिला, सगळे दारापर्यंत सोडायला आले. कोणी वाकडं बोललं असतं तर मला भांडता आलं असतं, आणि भांडलेला माणूस रात्री निवांत झोपतो.

निखतनं तिथंच अट घातली. पुढच्या घरी ती एकटी जाणार, जे आहे ते सगळं सांगणार. मी कोणाची ओळख काढायची नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही, दोस्ती मधे आणायची नाही. म्हणे, खोली तुमच्या दोस्तीले भेटली, तर उद्या दोस्ती बिघडल्यावर मी कुठं जाऊ? मी कबूल केलं. पुढे एका गल्लीत आणखी एक पाटी दिसली, खोली भाड्याने देणे आहे. निखत उतरली. माझ्या गुडघ्यानं नेमका तेव्हाच दगा दिला, म्हणून मी ऑटोच्या मागच्या बाजूला, जमिनीलगत, जरा बसून राहिलो. तिथं काय झालं ते अजून पक्कं नाही म्हणून लिहीत नाही. तुमच्या डोळ्यांना ताण नको.

तर भाऊ, अशी सगळी हकीकत. मनात काही नव्हतं, तुमची आठवण आली म्हणून लिहीत बसलो. तुमच्याशी बोललं की मन हलकं होतं, हे तुमच्या अंगणातल्या चहापासूनचं आहे. (ताई, तुमची आजी माझ्यासाठी खिडकीत एक वेगळा कप ठेवत असे, कान तुटलेला, पण घरातला सगळ्यात मोठा. दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू देत नसे. पाहुण्याला नसतो एवढा मान, असं मी समजायचो. हे मोठ्यानं वाचू नका, भाऊंना वाईट वाटेल. किंवा, बघा, वाचा.) डोळ्यांना जपावं. साबण लागू देऊ नये. राग तर मुळीच येऊ देऊ नये.

सदैव तुमचा,
नबी बिछायतवाला

ता. क. – भाऊ, या पत्रातून मी काही मागितलं आहे असा गैरसमज करून घेऊ नये. अमरावतीत कोणाचं घर आहे, कोणाची वरची खोली रिकामी आहे, कोणाच्या खिडकीतून कडुलिंब दिसतो, असल्या गोष्टींशी मला काही घेणं नाही. कोणाला आपणहून काही सुचलं तर सुचू द्यावं, एवढंच. (ताई, आता त्यांच्या तोंडाकडे पाहावं. काही हललं का?)

ता. क. दुसरा, फक्त ताईंसाठी, कंसाशिवाय, कारण एवढा मोठा कंस माझ्यानं बंद होणार नाही – ताई, ती शेवटची पाटी तुमच्याच माहेरची, भाऊंच्या अमरावतीच्या घराची होती. निखतला ठाऊक नव्हतं, तिनं तुमचं जुनं घरच पाहिलेलं; दारावर नाव नाही, नुसतं ‘मातृछाया’ आहे. पण त्या फाटकाला वास्तुशांतीच्या मंडपाचा खिळा मीच ठोकला आहे, तो आजही तिथं आहे. म्हणून मी ऑटोमागे बसलो. गुडघा त्या दिवशी ठणठणीत होता.

दार नितेशभाऊंच्या दामिनीवहिनींनी उघडलं. निखतनं एका दमात सगळं सांगितलं. नाव, बिरादरी, एकटी राहणार, खेड्यांत फिरणार, अंधारात येणार, घरी गेली की मटण खाणार, अकोल्याला वकार आहे आणि त्याला घाई नाही. मग तिनंच विचारलं, आता तुमचा भाचा येऊन राह्यला असन ना? दामिनीवहिनी हसल्या म्हणे. आत बोलावलं. चहा केला. घरातले हाताला लागले ते दोन कप घेतले, एकाचा कान उडालेला होता, तो त्यांनी स्वतःकडे ठेवला. निखतनं हे मला सहज सांगितलं, तिला त्यात विशेष वाटलं नाही. मी मात्र तिला त्या कपाचं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

विषय काय आहे हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “त्यात माह्यासारखी कुठं बसते वं? एवढ्या शेतीवाल्याची सून, हाताखाली गडी, अन् वरची खोली द्याची तर मले तिघाईले विचारा लागते.” निखत म्हणाली, मले माहीत नाई, त्याच्यासाठीच तर खोली पाह्यजे. दामिनीवहिनी उठल्या आणि फडताळातून किल्ली काढली. घर मामाजीचं, सासऱ्याचं हाये, म्हणाल्या, पण किल्ली माह्यापाशी असते. आजवर या किल्लीनं मी नुसती कपडे वाळू घालाले वर गेली.

निखत तिथं राहायला गेली त्याला आठवडा होऊन गेला. नितेशभाऊंना एवढंच ठाऊक आहे की वर एक शिकणारी पोरगी आली. परवा बाजारात मलाच सांगत होते की भाडेकरू लई चांगली भेटली, आवाज नाही. मी म्हटलं, छान झालं. पण भाऊ नागपूरला जाताना वहिनींना बजावून गेले होते की भाडेकरू आपल्यातलाच पाह्यजो. ‘आपल्यातला’ म्हणताना त्यांनी मला मोजलं होतं की नाही, ते तीस वर्षांत विचारायचं राहून गेलं. बाहेरून कळलं तर वहिनींच्या हातून किल्ली जाईल, पुन्हा यायची नाही, आणि आमची पोरगी अकोल्याला. म्हणून हे पत्र. खोली मागायला नाही, दिलेल्या खोलीला मागाहून परवानगी मिळवायला. भाऊंच्या तोंडून ‘अवं, आपली वरची खोली हाये न’ एवढं निघू द्यावं आणि लगेच दामिनीवहिनींना फोन लावून त्यांच्या कानाला द्यावा. वहिनींना मी सहदेवमार्फत एवढंच कळवलं आहे की असा फोन येईल तेव्हा फक्त ‘हो मामाजी’ म्हणायचं. आणि पत्र संपलं तरी भाऊ काहीच बोलले नाहीत, तर पुन्हा पहिल्यापासून वाचावं. डोळ्यावर पट्टी आहे, जाऊन जाऊन जातील कुठं.

निखतला हे पत्र दाखवलेलं नाही. दाखवलं तर म्हणेल, अब्बा, पुन्हा दोस्ती मधे आणली. मी तरी काय करू, यात तिला पुरी लिहिली, एक तुकडा मागे ठेवला नाही. ती राहते कुठं तेवढंच फक्त भाऊंपासून झाकलं.

ता. क. तिसरा, आणि खरं काम – ताई, तुमचा धाकटा बारावी पास झाला आणि मामाच्या घरी राहून अमरावतीलाच शिकीन म्हणतो, असं माझ्या कानावर आलं आहे. वरचीच खोली पाहिजे, असंही म्हणतो म्हणे. अमरावतीत ऐकलेल्या सगळ्या भाच्यांमध्ये हा एकटाच खरा निघाला. मुलगा गुणी आहे, आशीर्वाद आहेत, वाटेल तेव्हा त्याच्या लग्नाचा मंडप माझ्याकडून, या वेळी पडणार नाही. पण ताई, नागपुरात कॉलेजं काय कमी आहेत? तेवढा एक भाचा येऊ देऊ नका.